चार टनांतून बारा मिलिग्रॅम

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एडवर्ड डॉइझी या जीवरसायनतज्ज्ञांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर डुकरिणींची अंडाशये कत्तलखान्यांतून अक्षरशः टनांनी मागवली. ती दळायची, द्रावकांत भिजवायची, गाळायची, आटवायची, पुन्हा गाळायची. असा चार टन माल खपला तेव्हा हाती आले बारा मिलिग्रॅम शुद्ध इस्ट्राडायॉल. मुलीला वयात आणणारे आणि दर महिन्याला गर्भाशयाचे अस्तर नव्याने उभे करणारे मुख्य इस्ट्रोजेन ते हेच. चिमटीत धरावे एवढेही ते नव्हते.

हे प्रमाण ध्यानात ठेवले तर प्रजननाच्या संप्रेरकांचा इतिहास निराळा दिसू लागतो. पाठ्यपुस्तकात तो बुद्धिमान माणसांच्या शोधांची माळ म्हणून येतो. प्रत्यक्षात अनेकदा कल्पना तयार असायची आणि घोडे अडायचे ते मालापाशी. रक्तात ही द्रव्ये इतकी विरळ असतात, की एका मिलिलिटरमधले इस्ट्राडायॉल ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरते. त्यामुळे कोणाच्या ओळखीत कत्तलखाना आहे, कोणाला गर्भवतींची लघवी मिळते, कोणाला जंगलात योग्य तो कंद सापडतो, यावर पुढची पायरी कोण चढणार हे ठरत गेले.

खच्ची केलेला बैल निवतो, खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा खुंटतो, हे शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक होते. असे का होते, याचा पहिला नेटका प्रयोग जर्मनीत गॉटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी १८४८-४९ मध्ये सहा कोंबड्यांवर केला. ज्यांची वृषणे काढून टाकली ते मऊ, भित्रे आणि मुके राहिले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा भलत्याच जागी बसवले ते मात्र आरवले, भांडले, कोंबड्यांच्या मागे लागले. जुन्या मज्जातंतूंशी त्या वृषणाचा संबंध तुटलेला होता. तेव्हा परिणाम होतो तो रक्तावाटे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, चार पानांचा निबंध छापला आणि ते दुसऱ्या कामाला लागले. पुढची पन्नास वर्षे त्या चार पानांकडे फारसे कोणी वळले नाही.

विषय गाजला तो वेगळ्याच कारणाने. १ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी सहकाऱ्यांसमोर जाहीर केले, की कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यापासून आपल्याला तारुण्य परत आल्यासारखे वाटते. वृषणाचे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे त्यांच्या सुईत ते असण्याची शक्यता नगण्यच होती. पण बातमी पसरली, तारुण्याची औषधे विकणाऱ्यांची चलती झाली आणि गंभीर संशोधक या क्षेत्रापासून चार हात दूर राहू लागले. तरीही व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशांमध्ये अंडाशयांचे रोपण करून दाखवून दिले, की अंडाशय शरीरात कुठेही बसवले तरी गर्भाशय आक्रसत नाही. म्हणजे अंडाशयही रक्तात काहीतरी सोडत होते. १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले.

नाव मिळाले, माप नव्हते. एखाद्या अर्कात संप्रेरक आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर न्यूयॉर्कमधल्या एका साध्या निरीक्षणाने दिले. चार्ल्स स्टॉकार्ड आणि जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये दाखवले, की मादी गिनीपिगच्या योनिमार्गातून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर ती चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आज होणारी पॅप तपासणी याच पापानिकोलाऊंची.) सेंट लुईसमध्ये एडगर ॲलन यांनी ही युक्ती उंदरांवर वापरली. अंडाशये काढलेल्या उंदरिणींना डुकरिणीच्या पुटकांतला द्रव टोचला, की दोन दिवसांत त्यांच्या पेशी माजावर आलेल्या मादीसारख्या दिसू लागत. ॲलन आणि डॉइझी यांनी हे १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. पुटक म्हणजे अंडाशयातली स्त्रीबीज सांभाळणारी लहानशी पाणीदार पिशवी. तिच्यातच इस्ट्रोजेन होते.

यानंतरची काही वर्षे बर्लिनची. शारिटे रुग्णालयातले सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांना वेगळाच प्रश्न पडला होता: अंडाशयाला हुकूम कोण देते? वयात न आलेल्या उंदरिणीत त्यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे तुकडे बसवले, आणि त्या काही दिवसांत अकाली वयात आल्या. अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी उलट बाजूने तेच सिद्ध केले. पीयूषिका काढली की उंदराची जननेंद्रिये आक्रसत, पुन्हा तिचे तुकडे बसवले की ती पूर्ववत होत. वाटाण्याएवढ्या या ग्रंथीतून दोन वेगवेगळी संप्रेरके निघतात, एक पुटक वाढवणारे आणि दुसरे पक्व बीज बाहेर काढणारे, हेही १९३१ पर्यंत विस्कॉन्सिनमधल्या संशोधनातून पुढे आले. आजच्या तपासणी-अहवालांवर दिसणारी एफएसएच आणि एलएच ही अक्षरे त्यांचीच.

बर्लिनच्या या जोडीला खरा खजिना मात्र १९२७ मध्ये लघवीत सापडला. गर्भवतीच्या लघवीत इस्ट्रोजेन होतेच, शिवाय अंडाशयाला चालना देणारे आणखी एक द्रव्य विपुल होते. त्यावरून त्यांनी गर्भचाचणी तयार केली. बाईची सकाळची लघवी अल्पवयीन उंदरिणींना टोचायची, चार-पाच दिवसांनी त्यांना मारून अंडाशये पाहायची. चाचणीचा भरवसा उत्तम होता. एका गमतीची मात्र नोंद घ्यायला हवी: हे द्रव्य पीयूषिकेतले आहे असे दोघे धरून चालले होते. ते येते वारेतून, हे नंतर कळले. आज घरच्या घरी पट्टीवर जी दुसरी रेघ उमटते ती याच द्रव्यामुळे, एचसीजीमुळे.

योगायोग असा, की त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. संततिनियमनाचे केंद्र ते १९२१ पासून चालवत होते. त्यांच्याजवळची साधने बीज आणि शुक्राणू यांच्यात आडपडदा घालणारी होती. बीज बाहेरच पडू नये अशी तजवीज करता येईल, हे बोलणारा माणूस तेव्हा युरोपात होता: इन्सब्रुकचे लुडविग हाबरलांट. गर्भवती सशिणीचे अंडाशय दुसऱ्या सशिणीत बसवले तर ती काही काळ गाभण राहत नाही, हे त्यांनी १९२० च्या आसपास दाखवले होते. गर्भारपणी शरीर स्वतःच पुढचे बीज रोखून धरते, तेच गोळीने का करू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. १९३२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

लघवीतल्या खजिन्याचा शोध लागला तशी तिच्या संकलनाची यंत्रणाच उभी राहिली. गर्भवतींच्या लघवीतून डॉइझी यांनी आणि जर्मनीत तरुण आडोल्फ बुटेनांट यांनी १९२९ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे इस्ट्रोनचे स्फटिक वेगळे केले. पुरुष-संप्रेरकासाठी बुटेनांट यांनी पोलिसांच्या बराकींतून गोळा केलेली पंधरा हजार लिटर लघवी आटवली. १९३१ मध्ये तिच्यातून ॲन्ड्रोस्टेरॉन मिळाले ते पंधरा मिलिग्रॅम. नेदरलँड्समध्ये ओस गावच्या झ्वानेनबर्ग यांचा मांस-व्यवसाय होता. कत्तलखान्यातल्या टाकाऊ ग्रंथींचे सोने करावे म्हणून त्यांनी १९२३ मध्ये ऑर्गेनॉन ही कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. ॲम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर यांनी १९३५ मध्ये बैलांच्या शंभर किलो वृषणांतून दहा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन काढले, ते याच कंपनीच्या साथीने. बीज बाहेर पडल्यावर पुटकाचा जो पिवळा पिंड उरतो, त्यातले संप्रेरक न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये दाखवले. १९३४ मध्ये चार संशोधक-गटांनी ते शुद्ध केले. गर्भाला आधार देणारे ते प्रोजेस्टेरॉन.

या धावपळीत राजकारण घुसायला वेळ लागला नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या झोंडेक यांची नोकरी गेली. ते स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला पोहोचले, आशहाइम पॅरिसला. बुटेनांट यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले, पण हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिले नाही. मानपत्र त्यांच्या हाती पडले ते युद्धानंतर, १९४९ मध्ये.

आता सगळे भाग टेबलावर होते. ते एकमेकांशी जुळतात कसे, हे सांगितले शिकागोत डोरोथी प्राइस या तरुण संशोधिकेने आणि त्यांचे वरिष्ठ कार्ल मूर यांनी. निरोगी नर उंदराला पुरुष-संप्रेरक बाहेरून टोचले तर त्याची वृषणे बळकट होण्याऐवजी खुरटतात, हे कोडे त्यांना पडले होते. प्राइस यांनी त्याची उकल केली. रक्तातले संप्रेरक वाढले की पीयूषिका आपले काम आवरते घेते, आणि तिचा हुकूम थांबला की वृषण सुस्तावते. १९३२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही या शास्त्राचा कणा आहे. पीयूषिका आणि जननग्रंथी दोघी एकमेकींना धाकात ठेवतात. तिथे कोणी एक मालकीण नाही.

स्त्रीच्या चक्रात मात्र एक वळण आहे, ते उलगडायला आणखी काही दशके गेली. पाळीनंतरच्या दिवसांत पुटक वाढते, इस्ट्रोजेन वाढते आणि ते पीयूषिकेला दाबूनच ठेवते. पण हे प्रमाण एका पातळीवर चढून दीड-दोन दिवस टिकले, की तेच इस्ट्रोजेन उलट वागते आणि पीयूषिकेला चेतवते. एलएचची लाट उसळते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडते. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड मग प्रोजेस्टेरॉन सोडतो. गर्भ रुजला तर त्याचे एचसीजी पीतपिंडाला जिवंत ठेवते. नाही रुजला तर दोन आठवड्यांत पीतपिंड विझतो आणि अस्तर गळून पाळी येते. जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो यांनी १९२० च्या दशकातच दाखवून दिले होते, की बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. पीतपिंडाचे आयुष्य बऱ्यापैकी ठरलेले असते, म्हणून हिशेब मागून करायचा.

प्रोजेस्टेरॉनने बीज रोखता येते, हे १९३७ मध्ये सशांवर सिद्ध झाले होते. अडचण तीच जुनी: इतके प्रोजेस्टेरॉन आणायचे कुठून? इथे गोष्ट मेक्सिकोत जाते. रसेल मार्कर हे पेनसिल्व्हेनियातले रसायनशास्त्रज्ञ तऱ्हेवाईकच होते. रानकंदांतल्या एका घटकापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येईल हे त्यांनी कागदावर आणि परीक्षानळीत सिद्ध केले, पण कोणतीही अमेरिकन कंपनी मेक्सिकोत पैसे घालायला तयार होईना. मार्कर १९४२ मध्ये स्वतःच व्हेराक्रूझच्या जंगलपट्टीत गेले आणि एका दुकानदाराच्या मदतीने डायोस्कोरिया जातीचे, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातले, प्रचंड कंद मिळवले. पुढच्या वर्षी ते मेक्सिको सिटीतल्या एका छोट्या औषध कंपनीत शिरले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या, आत सुमारे दोन किलो प्रोजेस्टेरॉन. तेव्हा त्याचा भाव ग्रॅमला ८० डॉलरच्या घरात होता. त्यातून १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी स्थापन झाली. वर्षभरात मार्कर भांडून बाहेर पडले, पण भाव कोसळला तो कोसळलाच. बार्बास्को नावाचा आणखी कसदार कंद खणून आणण्यावर हजारो मेक्सिकन शेतकऱ्यांचे घर चालू लागले. त्याचे पुढे काय होते, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नव्हते.

तोंडाने घेतल्यावरही टिकणारे रूप सिंटेक्समध्येच तयार झाले. ऑक्टोबर १९५१ मध्ये कार्ल जेरासी यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस या मेक्सिकन विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन बनवले. त्याच सुमारास संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांनी जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांना गोळीच्या कामाला लावले. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघ स्थापन झाला, तेव्हा सँगर तिथे होत्याच. भारतातल्या बाईला परवडेल असे काही हवे, हा त्यांचा जुना ध्यास. पैसा दिला कॅथरीन मॅक्कॉर्मिक या श्रीमंत विधवेने. प्रयोग एम. सी. चांग यांनी सशांवर केले, स्त्रियांवर जॉन रॉक यांनी.

मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या रिओ पिएद्रास वस्तीत झाली. इथे लेखाचा सूर थोडा बदलावा लागतो. त्या बायकांना ही प्रायोगिक गोळी आहे याची आज अपेक्षित असते तशी कल्पना दिली गेली नाही. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले, की गोळी गुणकारी आहे पण सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात, आणि हे प्रमाण मान्य करण्याजोगे नाही. पिंकस यांनी बराचसा दोष मनाच्या खेळावर ढकलला. गोळीत जवळजवळ दहा मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य होते आणि जोडीला १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन. आजच्या बहुतेक गोळ्यांत इस्ट्रोजेन २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. मे १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून संमती मिळाली. रक्ताच्या गाठींचा धोका त्या दशकात उघड झाला, मात्रा उतरत गेल्या, आणि १९७० च्या सिनेट सुनावण्यांनंतर गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद आला. प्वेर्तो रिकोतल्या डॉक्टरीणबाईंचे त्या वेळीच ऐकले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न रास्तच आहे.

मूल नको असणाऱ्यांसाठी हे चालले असताना रोममध्ये उलट दिशेने काम सुरू होते. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावते, त्याचा धाक संपतो, आणि पीयूषिका एफएसएच-एलएच भरभरून सोडत राहते. प्राइस यांच्या नियमाचा हा सरळ परिणाम. सेरोनो कंपनीच्या पिएरो डोनिनी यांनी १९४९ मध्येच अशा स्त्रियांच्या लघवीतून ती वेगळी केली होती, पण उपचाराला पुरेल इतकी लघवी कुठून आणायची? १९५७ मध्ये ब्रूनो लुनेनफेल्ड हा तरुण ज्यू डॉक्टर कंपनीपुढे प्रस्ताव घेऊन आला. संचालक मंडळावर पोप बारावे पायस यांचे पुतणे होते. त्यांच्या मध्यस्थीने इटलीतल्या वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा होऊ लागली. त्यांतली एकही गर्भवती असण्याची शक्यता नव्हती, म्हणजे एचसीजीची भेसळ नाही. १९६२ मध्ये इस्राएलमध्ये त्या औषधावर पहिले बाळ जन्मले. औषधाचे नाव पर्गोनाल.

पीयूषिकेच्याही वर कोण, हा प्रश्न उरलाच होता. इंग्लंडचे जेफ्री हॅरिस म्हणत होते, की मेंदूतला हायपोथॅलॅमस अगदी बारीक रक्तवाहिन्यांवाटे पीयूषिकेकडे रसायने धाडतो. डोरा याकोब्सोन यांच्यासह त्यांनी १९५२ मध्ये उंदरिणींची पीयूषिका काढून मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली, तर चक्र बंद. हायपोथॅलॅमसखाली बसवली, तर चक्र सुरू, पिल्लेही झाली. ते रसायन पकडण्यासाठी रॉजर गिलेमँ आणि अँड्र्यू शॅली आधी एकत्र, मग एकमेकांवर कुरघोडी करत वीसेक वर्षे झटले. गिलेमँ मेंढ्यांचे मेंदू वापरत, शॅली डुकरांचे. १९७१ मध्ये शॅली यांच्या गटाने सुमारे एक लाख साठ हजार डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून मिळालेल्या, मिलिग्रॅमही न भरणाऱ्या द्रव्याची रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची साखळी, जीएनआरएच. १९७७ चे अर्धे नोबेल दोघांनी वाटून घेतले. उरलेले अर्धे मिळाले रोझलिन यालो यांना. किरणोत्सर्गी खूण वापरून थोड्याशा रक्तात संप्रेरक मोजण्याची त्यांची पद्धत आल्यावर टनांचा जमाना मागे पडला.

शेवटचा धक्का दिला पिट्सबर्गच्या अर्न्स्ट क्नोबिल यांनी. ऱ्हीसस माकडे हे त्यांचे प्रयोगप्राणी. भारतातून ही माकडे दशकानुदशके अमेरिकेला निर्यात होत, ती निर्यात मोरारजी देसाई सरकारने १९७८ मध्ये बंद केली. क्नोबिल यांचा निबंधही त्याच वर्षीचा. हायपोथॅलॅमसचा संबंधित भाग निकामी केलेल्या माकडिणींना जीएनआरएच सतत दिले तर पीयूषिका हळूहळू गप्प होते. तासाला एकदा, सहा मिनिटे दिले तर ती पुन्हा जागी होते. दारावर अधूनमधून थाप पडली की घरचे उठून येतात, कोणी अखंड बडवत बसले तर आतून कडी लावतात, तसाच हा प्रकार. मात्रेइतकाच ठेका महत्त्वाचा होता. त्यावरून दुहेरी उपचार निघाले. ठराविक अंतराने थेंब सोडणारे पंप लावून पाळी न येणाऱ्या स्त्रियांत बीज पक्व करता आले. आणि त्याच संप्रेरकाची टिकाऊ प्रतिरूपे सतत देऊन प्रोस्टेटचा कर्करोग, एन्डोमेट्रिओसिस, अकाली वयात येणे यांवर लगाम घालता आला.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली ती नैसर्गिक चक्रातल्या बीजापासून. एलएचची लाट कधी उसळते ते आईच्या लघवीत दर काही तासांनी तपासून बीज काढण्याची वेळ साधली होती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली. त्यांनी लघवीतून मिळवलेली संप्रेरके टोचून अनेक बीजे पक्व केली होती आणि भ्रूण गोठवून ठेवला होता. पुढे जगभर हीच रीत रूढ झाली. राज्य सरकारच्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने घडवलेली मुलगी भारताची पहिली टेस्ट-ट्यूब बेबी म्हणून नोंदली गेली. मुखोपाध्याय यांची कागदपत्रे वाचल्यावर ‘पहिला मान त्यांचा’ असे १९९७ मध्ये लिहिले ते आनंद कुमार यांनीच, म्हणजे ज्यांचा मान त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर जाणार होता त्यांनी.

टेस्ट-ट्यूब बेबीचे उपचार फोफावले तशी लघवी पुन्हा अपुरी पडू लागली. १९९५ मध्ये युरोपात एफएसएचचे नवे रूप बाजारात आले. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून त्याच्या सुमारे चार दशके आधी घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढत राहिलेल्या पेशींमध्ये मानवी जनुक घालून ते बनवले जाते. वंध्यत्वाच्या दवाखान्यांत आज ही इंजेक्शने आणि पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीपासून शुद्ध केलेली इंजेक्शने दोन्ही वापरली जातात. दुसरी सहसा स्वस्त पडतात.